दारवाल्याच्या गोळ्या, खिडकीवाल्याची पँट

१२ जानेवारी

खिडकीवाले घड्याळजी यांस,
दारवाल्याचा नमस्कार.

व्यायामाच्या बाईंचा हुकूम विसरला नसाल. आठवड्याला एक पान, हातानं लिहायचं, आणि खरोखर कुणाला तरी पाठवायचं. नुसतं अ-आ-इ गिरवून बोटं सुधारणार नाहीत म्हणाल्या. तेव्हा तुम्हीच शेजारच्या खाटेवरून ओरडलात, "मला पाठवा, मी उत्तर देईन." घरात फोन आहे, पण बोलून बोटांना काय व्यायाम होणार? म्हणून हे पान. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, चालवून घ्या.

बायकोनं विचारलं, हे घड्याळजी कोण. तिला सांगितलं, वॉर्डात माझी खाट दाराशी होती, यांची खिडकीशी. दोघांच्याही मज्जारज्जूनं दगा दिला. यांचा पाठीच्या मधोमध सुजला, म्हणून हात शाबूत आणि पाय गेले. माझा मानेत दाबला गेला, म्हणून बोटंही अडखळतात आणि पायही. माझी मान उघडून दाब काढला, यांना औषधांवर ठेवलं. ती म्हणाली, "म्हणजे दोघं एकाच माळेचे मणी." मी म्हटलं, मण्यांचं नाव नको काढूस.

घरी आल्यावर पाय फार ताठरतात आणि मनाला येईल तेव्हा उडतात. परवा जेवताना उजवा पाय असा उडाला की आमटीची वाटी सासूबाईंच्या मांडीवर गेली. त्यांना वाटलं, इतक्या वर्षांचं जावईबापूंनी आज काढलं. डॉक्टरांनी स्नायू सैल करायची गोळी दिली आहे, बॅक्लोफेन, दिवसातून तीनदा एकेक. तुम्हालाही तीच ना? तुम्ही किती घेता?

या ताठरपणाचा एक उपयोग मात्र आहे, तो डॉक्टरांना सांगितलेला नाही. दुकान आमच्याच इमारतीत खाली आहे, बायको खुर्ची तिथवर ढकलत नेते. कटिंगच्या टेबलाला पोट टेकवलं आणि गुडघे मागे रेटले की पाय खांबासारखे उभे राहतात. त्यांत ताकद नाही, नुसता ताठा आहे, पण माझं काम भागतं. कापडावर ओणवं झाल्याशिवाय लांब कात्री चालत नाही, बसून कटिंग होत नाही. मालकांनी शाळा उघडायच्या आधीच्या गणवेशांपर्यंत माझी जागा राखली आहे. तोवर मला नीट उभं राहता आलं पाहिजे, एवढंच डोक्यात आहे.

कळावे. लोभ आहेच, पाय तेवढे नाहीत.

आपला,
मास्तर


२३ जानेवारी

दारवाले कटिंग मास्तर यांस,

तुमचं अक्षर वाचायला मला डोळ्याला लावायचं भिंग काढावं लागलं. लिहीत राहा.

इकडे मजेत. आमच्या ताईनं दुकानाची मांडणी बदलली. काउंटर उंच केला, त्यामागे माझी चाकांची खुर्ची. गिऱ्हाइकाला माझं डोकं, हात आणि घड्याळ दिसतं, बाकी काही दिसत नाही. मला तेच हवं होतं. लोक घड्याळ दुरुस्त करायला येतात, माझी चौकशी करायला नाही.

पायांचा त्रास माझ्याही वाट्याला होता. मागच्या महिन्यात शेजारच्या आजींचं भिंतीवरचं जुनं घड्याळ उघडलं होतं. ऐन वेळी गुडघा टेबलाखाली आपटला आणि एक बारीक पितळी स्क्रू उडाला. ताईनं सगळी जमीन झाडून काढली, पण नाही सापडला. तसा स्क्रू आता बाजारात मिळत नाही. आजी दर आठवड्याला विचारतात आणि मी दर आठवड्याला नवी थाप मारतो.

तेव्हापासून डॉक्टरांनी गोळी वाढवत नेली, आता तीनदा दोन-दोन घेतो. टेबल कसं शांत आहे. शिवाय तुम्हाला म्हणून सांगतो, काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो हल्ली. सावकाश, पण जातो. तेव्हा गोळीला नावं ठेवू नका.

एक काम आहे. सोबत पँट पाठवतो आहे. पोटाशी काचते आणि मागून खाली सरकते. चालण्यामुळे भूक वाढली असणार. कमरेत थोडी सैल करून द्या. घाई नाही, तुम्ही टेबलाशी लागलात की करा.

ताईचा नमस्कार.

आपला,
घड्याळजी


१९ फेब्रुवारी

घड्याळजी,

पँट पोचली. टेबलाखालच्या फळीवर ठेवली आहे. तिला आधी हात लावीन असं मनाशी म्हटलं होतं, पण सध्या मीच कुणीतरी हात धरण्याची वाट बघतो आहे.

तुम्ही चालता हे वाचलं आणि खरं सांगू, पोटात दुखलं. एकाच वॉर्डातून निघालो, एकच गोळी, तुम्ही कोपऱ्यापर्यंत आणि मी टेबलाला चिकटलेला. मग हिशेब केला की फरक गोळ्यांचाच. मीही दोन-दोन सुरू केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही, नाहीतर ती डोळ्यांत तेल घालून गोळ्या मोजत बसली असती. औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवून जास्तीच्या घेतल्या.

पाय उडायचे थांबले. अगदी मऊ झाले, ओल्या कपड्यासारखे. सासूबाई आता निर्धास्त समोर बसतात. पण टेबलाशी गेलो की गुडघे धरतच नाहीत. सोमवारी पोट टेकवून उभा राहायला गेलो तो टेबलाखाली जाऊन बसलो, हातात खडू तसाच. मालकांनी आणि बायकोनं मिळून उचललं. मालक नुसते कापडाच्या गठ्ठ्यांकडे बघत राहिले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तपासणीला गेलो. डॉक्टरांनी खाटेवर आडवं करून पाय वाकवले, गुडघ्यावर हातोडी मारली आणि खूश झाले. "छान सैल झालेत. त्रास?" मी म्हटलं, ठीक आहे. काय सांगणार? तुम्ही त्याच गोळीवर चालताय म्हणजे दोष गोळीत नाही, माझ्यातच आहे. मानेतलं दुखणं पुन्हा डोकं वर काढत असेल तर मला ते ऐकायचं नाही. पुन्हा मान उघडायची म्हटलं तर शाळा उघडतील आणि बंदही होतील.

ताईंना नमस्कार सांगा.

आपला,
मास्तर


२८ फेब्रुवारी

मास्तर,

असे हातपाय गाळू नका. आमच्या धंद्यात घड्याळ मागे पडायला लागलं की अंदाज बांधत नाही बसत. ज्या भागावर संशय आहे तो काढायचा आणि बघायचं. उभे राहत होतात, गोळी वाढवली, पाय गेले. मग गोळी काढून बघा. पाय परत आले तर चोर सापडला. नाही आले तर डॉक्टरांकडे जा, मानेचं काय ते बघतील. एवढ्याशा गोळीला काय घाबरायचं, ती काही हृदयाची नाही.

आणि बंद केलीत तर उरलेल्या फेकू नका. आमच्या औषधवाल्याकडे आठवडाभर माल नाही, माझी शेवटची पट्टी चालू आहे. पोस्टानं पाठवा, पैसे कळवा.

माझं चालणं मस्त. हे पत्र टपालपेटीत मीच टाकून येणार आहे.

आपला,
घड्याळजी


६ मार्च

घड्याळजी,

तुमचं डोकं म्हणजे डोकं. पत्र आलं त्याच दिवसापासून गोळी बंद. घरात राहिल्या तर मोह होईल म्हणून सगळ्या पट्ट्या काल पार्सलनं तुम्हाला पाठवल्या. पैसे आता नकोत, पँटच्या शिलाईत धरू.

आज सकाळी पाय कडक. दुपारी खाली गेलो, पोट टेकवलं, गुडघे रेटले आणि उभा. एका हाफ पँटचं कटिंग पूर्ण केलं, शेवटच्या काठापर्यंत. मालकांनी स्वतः चहा आणून दिला. बायको दारात उभी राहून बघत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

अंगाला खाज फार सुटली आहे, बहुतेक नव्या गणवेशाच्या कापडाची असेल. पायही जरा जास्तच ताठ वाटतात. चालायचंच. कात्री हातात असली की बाकी सगळं सोसतं.

उद्या शर्टांना हात घालतो.

मास्तर


११ मार्च

घड्याळजी भावोजी यांस,

मी मास्तरांची बायको. हे पत्र दवाखान्यातून लिहिते आहे. ते म्हणाले, या आठवड्याचं पान राहिलं, पण बोटं चालत नाहीत, तू लिही. तेव्हा लिहिते. मला विचाराल तर मी तुम्हाला लिहिणार नव्हते.

तुम्हाला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. पाय असे आवळले की गुडघे एकमेकांवर घासून कातडी सोलली. खाजवून खाजवून हात लाल केले. मग बोलणं भरकटलं. चादरीवर बोटानं रेघा ओढायला लागले आणि मला म्हणाले, "सरक, कापड ओढलं जातंय." मला ओळखत होते की नाही कुणास ठाऊक. मी गोळ्या शोधायला सगळे खण उपसले. एकही नाही. विचारलं तर म्हणाले, खिडकीवाल्याला पाठवल्या.

गाडी करून इथे आणलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, दिवसाला किती घेत होते? मी सांगितलं तीन. त्यांना विश्वास वाटेना. तेव्हा माझ्या आईनं उशीखालची तुमची पत्रं आणून दिली, ती मी तिथे उभ्याउभ्या वाचली. तेव्हा कळलं, तुमच्यासारख्याच सहा घेत होते आणि एका दिवसात शून्यावर आणल्या. डॉक्टर म्हणाले, ही गोळी मज्जारज्जूच्या आजारात पायांना जाणारे उलटसुलट हुकूम दाबून ठेवते. शरीराला तिची सवय झालेली असते. अचानक काढली की दाबलेलं सगळं एकदम उसळतं, माणूस जाऊसुद्धा शकतो. कमी करायची ती पायरीपायरीनं, आणि त्यांना विचारून. लगेच पुन्हा सुरू केली. ताप उतरला. कालपासून मला नावानं हाक मारतात.

भावोजी, तुम्ही वाईट हेतूनं लिहिलं नाहीत हे मला कळतं. पण तुम्ही घड्याळं दुरुस्त करता. घड्याळ बंद पडलं तर बाजूला ठेवता येतं.

त्या पट्ट्या आल्या असतील तर परत पाठवू नका, फेकून द्या. आणि तुम्ही किती चाललात ते निदान काही दिवस त्यांना कळवू नका. त्यांचा जीव त्यावर फार जळत होता.

मास्तरांची बायको


१७ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ताईनं वाचून दाखवलं, मुद्दाम मोठ्यानं.

पट्ट्या आल्या होत्या. इथल्या दुकानात माल आला होता, त्यातली एकही घेतली नाही. ताईनं औषधवाल्याला नेऊन दिल्या, तो नष्ट करेल. कुणाला किती गोळ्या घ्या हे मी यापुढे बोलणार नाही आणि लिहिणार नाही.

चालण्याबद्दल काही कळवणार नाही. ते सोपं आहे, इतकंच सांगतो.

मास्तरांना म्हणावं, दारवाली खाट रिकामी करून लवकर घरी जा.

तुमचा अपराधी,
घड्याळजी


२ मे

घड्याळजी,

हे पान मीच लिहितो आहे. बोटं पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागली, व्यायामाच्या बाई खूश आहेत, त्यांना गिऱ्हाईक मिळालं.

आधी दवाखान्याचं सांगतो. सुटायच्या आधी डॉक्टर म्हणाले, आता पाय पुन्हा छान सैल झालेत. तेव्हा आमच्या हिचा बांध फुटला. म्हणाली, "सैल पाय घेऊन मी काय करू? हे त्या ताठ्यावर उभे राहतात." डॉक्टरांनी मला खाली उतरवलं, खाटेच्या कठड्याला पोट टेकवायला लावलं आणि म्हणाले, दाखवा. मी दाखवायला गेलो आणि खाली बसलो. त्यांनी मला फक्त आडवं पाहिलं होतं, उभं कधीच नाही. "हे मला आधी का नाही सांगितलंत?" विचारलं होतं त्यांनी, मीच ठीक आहे म्हणालो.

मग त्यांनी नवी आखणी केली. सगळा ताठा घालवायचा नाही, कामापुरता ठेवायचा. गोळी हळूहळू कमी करत आणली. आता दिवसा अर्धी-अर्धी आणि झोपताना मोठा डोस. मान पुन्हा तपासली, तिथे नवीन काही नाही. इतके दिवस ज्याला भीत होतो ते नव्हतंच.

गणवेश मात्र गेले. मालकांनी दुसरा कटर ठेवला आणि मला बोलायला तोंड नाही. तो माणूस चांगला आहे, हात माझ्यापेक्षा चलाख. पहिल्या दिवशी त्याला माझ्या टेबलाशी पाहून मला रडू आलं, बायकोसमोर आणि त्याच्यासमोरही. आता खिडकीशी लहान टेबल दिलंय, दुरुस्त्या आणि सुटी कामं माझी. तिथे मी उभा राहतो. थोडा वेळ उभा, मग खुर्ची, मग पुन्हा उभा.

उभं राहून पहिली हातात घेतली ती तुमची पँट.

कमरेची शिवण उसवायला घेतली आणि हात थांबला. कापड बघितल्याशिवाय कात्री लावत नाही मी. सीट इतकी विरलेली की पलीकडचा उजेड दिसतो. गुडघ्यामागे दोन्ही पायांना सारखी आडवी रेघ, खुर्चीची कड लागते तिथे. आणि पायाची दुमड नव्यासारखी. चालणाऱ्याची दुमड टाचेशी आधी झिजते. तुमच्या दुमडीला धूळसुद्धा माहीत नाही. त्याच दुमडीत, शिवणीला अडकून, एक बारीक पितळी स्क्रू होता. सोबत चिठ्ठीत गुंडाळून पाठवला आहे. कोपऱ्यापर्यंत गेला असतात तर तो वाटेतच पडला असता.

राग आला, खोटं कशाला बोलू. तुम्ही चालता म्हणून मी गोळ्या वाढवल्या. पँट फळीवर परत टाकली आणि दोन दिवस बघितली नाही. बायकोला सांगितलं तर मला वाटलं ती तुमचा उद्धार करील. ती म्हणाली, "तुम्ही डॉक्टरांना ठीक आहे म्हणालात, त्यांनी तुम्हाला चालतो म्हणून लिहिलं. दोघांनाही कुणी कीव केलेली नको होती." ती हल्ली असंच बोलते.

तेव्हा कमर सैल केलेली नाही, कारण दोष कमरेत नव्हताच. तुमची पँट उभ्या माणसाची होती. बसलेल्या माणसाचं अंग वेगळं दुमडतं. पुढे कापड गोळा होऊन पोटात घुसतं, मागे कमी पडून खाली ओढलं जातं. म्हणून नवीन कापली. मागची बाजू उंच घेतली आहे, पुढची खोल उतरवली आहे. पाय थोडे लांब, म्हणजे बसल्यावर घोटे उघडे पडणार नाहीत. मागचे खिसे काढून टाकले, सीटवर एकही जाड शिवण नाही, कारण बसून बसून तिथे कातडी सोलते. मापं तुमच्या जुन्या पँटवरून आणि वॉर्डात पाहिलेल्या तुमच्यावरून घेतली. कुठे चुकलं असेल तर ताईंना टेप धरायला सांगा. तुम्ही खुर्चीतच राहा.

पैसे नकोत. आणि ही पँट उभी धरून बघू नका. उभी धरलीत तर मास्तरनं बिघडवली असं वाटेल. ती उभं राहण्यासाठी कापलेलीच नाही.

लोभ आहेच.

मास्तर


१४ मे

मास्तर,

पार्सल आलं तेव्हा दुकानात आजी बसल्या होत्या, त्याच, भिंतीवरच्या घड्याळाच्या. ताईनं पँट उघडली आणि सवयीनं खांद्याच्या उंचीला उभी धरली. आजी म्हणाल्या, "अगं बाई, हे काय शिवलंय?" मी त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. सीट विरल्याचंही वाचलं, मध्येच थांबलो असतो तर पुढचं वाचवलं नसतं.

मी वॉर्डातून आल्यापासून एकदाही उभा राहिलेलो नाही. टपालपेटीत पत्रं ताई टाकते. सैल पायांनी माझं काही बिघडत नाही, म्हणून गोळी मला मानवते. हे मी तुम्हाला जानेवारीतच लिहायला हवं होतं. तुम्ही तुमचे पाय पणाला लावलेत ते माझ्या बढाईवर. याची मला लाज वाटते.

आत जाऊन पँट घातली. पोटाशी काचत नाही. मागे उघडं पडत नाही. घोट्यापर्यंत व्यवस्थित झाकलेलं. कितीतरी दिवसांनी कपड्यात शिरल्यासारखं वाटलं, अंगावर काहीतरी ओढून घेतल्यासारखं नाही.

स्क्रू त्याच जागचा होता. बसवला, किल्ली दिली, घड्याळ चाललं. आजींना काउंटरवरून दिलं असतं तर त्यांना ते जड घड्याळ पेलवलं नसतं. म्हणून मांडीवर घेतलं, काउंटरच्या बाजूनं खुर्ची बाहेर काढली, आणि दुकान ओलांडून त्यांच्या घराच्या दारापर्यंत त्यांच्यासोबत गेलो. निघताना दुकानात अजून तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पँटकडे बघितलं, आणि आपापल्या घड्याळांचं विचारायला लागली.

आजींचं दार कोपऱ्यावरच आहे.

घड्याळजी